संकेतस्थळाचें बिऱ्हाड

आमचें कडेगांव पूर्वीं ज्या जागीं होतें त्याच जागीं आजहि आहे. तथापि त्याचा पत्ता मात्र कितीदां तरी पालटला. १९४९ पर्यंत हें गांव सातारा जिल्ह्यांत मोडत असे. त्या वर्षीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, आणि १९६० सालीं त्यासच सांगली हें नांव मिळालें. पुढें खानापूर तालुक्यांतून वेगळें निघून कडेगांव स्वतःच तालुक्याचें ठाणें बनलें. घर तेंच, उंबरा तोच. पण पाकिटावर लिहावयाचा मजकूर पिढीगणिक निराळा! असें असूनहि जुन्या पत्त्याचें पत्र सहसा परत जात नसे. कारण टपालवाल्यास गांव ठाऊक असे.

संकेतस्थळाची गोष्ट ह्याच्या अगदीं उलट आहे. तेथें जागा बदलते व नांव तेंच ठेवावयाचें असतें, आणि मध्यें ओळखीचा टपालवाला कोणी नसतो. असें एक बिऱ्हाड हलविण्याचा योग नुकताच आम्हांस आला. हल्लीं दुकान, पतसंस्था, वाचनालय, शाळा ह्या सर्वांचींच संकेतस्थळें असतात, व तीं सांभाळण्याचें काम बहुधा घरांतील एखाद्या हुशार विद्यार्थ्याच्या गळ्यांत पडतें. म्हणून ही हकीगत येथें देत आहों.

प्रथम एक भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. संकेतस्थळाचीं पानें व चित्रें ज्या संगणकावर ठेवलेलीं असतात ती भाड्याची जागा. तिला होस्टिंग म्हणतात. लोक जें नांव टंकून तेथें येतात तें डोमेन. त्याची नोंदणी स्वतंत्र असते व तिची फीहि स्वतंत्र. जाळ्यावरील प्रत्येक संगणकास एक क्रमांक असतो, आणि अमुक नांव म्हणजे अमुक क्रमांक हें सांगणारी एक जगड्व्याळ सूची आहे. आरंभीं ही सूची म्हणजे अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत ठेवलेली एकच यादी होती व सर्वांनीं तिची नक्कल उतरून घ्यावी अशी वहिवाट होती. संगणक वाढले तशी ती यादी आवरेना; तेव्हां १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस ह्यांनीं ती अनेक ठिकाणीं वांटून ठेवण्याची योजना आंखली. आपल्या देशाच्या ‘डॉट इन’ ह्या नांवांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. २००५ पासून तीं नांवें सर्वांस खुलीं झालीं, आणि २०१४ पासून ‘डॉट भारत’ असें देवनागरी नांवहि घेतां येतें. बिऱ्हाड हलवावयाचें म्हणजे सामान नव्या जागीं नेऊन ह्या सूचींतील क्रमांक बदलावयाचा, एवढेंच. ऐकावयास हें किती सोपें वाटतें!

आमच्या कांहीं स्नेह्यांनीं मोहरमच्या ताबुतांचीं छायाचित्रें एका संकेतस्थळावर जमविलीं आहेत. कडेगांवचे गगनचुंबी ताबूत प्रसिद्धच आहेत, व त्यांत हिंदु-मुसलमान दोघेहि हौसेनें भाग घेतात. चित्रांच्या शेजारीं एक स्मरणवही ठेवलेली असून पुण्या-मुंबईस अगर परदेशीं गेलेले गांवकरी तींत आपल्या आठवणी लिहितात. जुनी जागा अपुरी पडूं लागली होती, आणि नेमकी मोहरमच्या आठवड्यांतच दार उघडेनासें होई. मोहरम चांद्रमासाप्रमाणें येत असल्यामुळें दरसाल सुमारें अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ सालीं त्याची दहावी तारीख ६ जुलैस आली. ती होऊन जाऊं दिली आणि मग हात घातला. ज्या दिवसांत पाहुणे येतात त्या दिवसांत बिऱ्हाड हलवूं नये, हें सांगावयास नकोच.

पहिली अडचण सामानाची नव्हे, नांवाची निघाली. तें नांव आपल्या मंडळाचें आहे असें सर्वच समजून होते. प्रत्यक्ष नोंद पाहतां तें ज्या तरुणानें संकेतस्थळ करून दिलें त्याच्या नांवावर होतें, आणि मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या महाविद्यालयीन काळांतील, केव्हांच बंद पडलेल्या ई-मेलवर जात होत्या! मुदत संपली म्हणजे नांव तत्क्षणीं जातें असें नाहीं. सामान्यतः कांहीं दिवसांची सवलत मिळते, त्यानंतर जबर दंड भरून तें सोडवितां येतें, आणि त्याहि पलीकडे तें कोणासहि विकत घेतां येतें. मग गांवच्या नांवाच्या पाटीखालीं परक्यानें काय मांडावें ह्यावर आपला इलाज चालत नाहीं. सुदैवानें तो तरुण सज्जन होता व पुण्यांत त्याचा ठाव लागला. तथापि ओळख पटवून नोंद मंडळाच्या नांवें करून घेण्यांत अकरा दिवस गेले. पालकांनीं आपल्या दुकानाच्या वा संस्थेच्या डोमेनची नोंद कोणाच्या नांवें आहे हें एकदां विचारून पाहावें. उत्तर पुष्कळदां चमत्कारिक येतें. जागा बदलण्यासाठीं नोंदणीदार बदलावा लागत नाहीं, हेंहि सांगून ठेवतों. तोहि बदलावयाचा असल्यास त्याला एक गुप्त सांकेतिक शब्द लागतो, आणि ‘डॉट कॉम’सारखें नांव नोंदल्यापासून पहिल्या ६० दिवसांत सहसा हलवितां येत नाहीं. हीं दोन्ही कामें एकाच दिवशीं करूं नयेत.

नंतर सामान नेलें. चित्रें बिनतक्रार गेलीं. स्मरणवही मात्र नव्या जागीं उघडतों तों काय, जेथें मराठी अक्षरें असावयाचीं तेथें ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हें! त्या वहींत एका वृद्ध बाईंनीं आपल्या बालपणींच्या मोहरमची आठवण लिहिली होती. त्या आतां हयात नाहींत, आणि तिची दुसरी प्रत कोणापाशींहि नव्हती. त्या संध्याकाळीं आमच्या तोंडचें पाणी पळालें.

असें कां व्हावें? संगणक अक्षर साठवीत नाहीं, अंक साठवितो. युनिकोड नांवाच्या जागतिक कोष्टकांत ‘म’ ह्या अक्षराचा अंक २३५० आहे. रोमन अक्षर एका घरांत मावतें, तर देवनागरी अक्षरास प्रचलित पद्धतींत तीन घरें लागतात. नव्या कोठारास ही पद्धत सांगितली नाहीं, तर तें प्रत्येक घर निराळें अक्षर समजून वाचतें, व एका ‘म’च्या जागीं तीन विचित्र चिन्हें उमटतात. हें नुसतें चुकीचें वाचन झालें. तें सुधारतां येतें. परंतु ओळखूं न आलेलें अक्षर टाकून देऊन कोठारानें त्या जागीं प्रश्नचिन्हच लिहून ठेवलें, तर मूळ अक्षर त्या प्रतींतून कायमचें गेलें. आमचें तसेंच झालें होतें. जुन्या जागेंतील वहीस आम्हीं हात लावलेला नव्हता म्हणूनच बचावलों. नवें कोठार पुसून, त्यास युनिकोडची पद्धत आधीं सांगून, नक्कल पुन्हा उतरविली. आणि बाईंचा लेख जोडाक्षरांसकट, त्यांच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट, परत आला.

ह्यानंतर लगेच पाटी फिरविली नाहीं. आपल्या एकट्याच्या संगणकावरील एका लहानशा यादींत नांवापुढें नवा क्रमांक लिहिला कीं तेवढा संगणक नव्या जागीं जातो व बाकीचें जग जुन्याच जागीं येत राहतें. अशा रीतीनें प्रत्येक पान तपासतां येतें. शिवाय वाटेंतील संगणक एकदां विचारलेला क्रमांक ठराविक काळ स्मरणांत ठेवितात. ती मुदत सेकंदांत लिहिलेली असते. आमच्या नांवाची ८६,४०० सेकंद, म्हणजे एक पूर्ण दिवस, होती. ती दोन दिवस आधीं ३०० वर, म्हणजे पांच मिनिटांवर, आणली. पाटी फिरवितांना स्मरणवही कांहीं तास मिटून ठेविली. नाहीं तर कोणी जुन्या वहींत व कोणी नव्या वहींत लिहिलें असतें.

इतकी दक्षता घेऊनहि एक चूक झालीच. त्याच नांवावर मंडळाची पत्रपेटी होती व तिची नोंद सूचींत निराळी असते, हें आम्हीं विसरलों. दीड दिवस लोकांचीं पत्रें परत जात होतीं, आणि आम्हीं मात्र कोणाची तक्रार नाहीं म्हणून समाधानांत होतों!

आंतील पानांचे पत्ते शक्य तों बदलूं नयेत. ज्याचें कार्यालय वाई येथें आहे तो मराठी विश्वकोश जाळ्यावर एकाहून अधिक पत्त्यांवर नांदला आहे. जुना पत्ता टिपून ठेवणाऱ्या अभ्यासकास लेख पुन्हा धुंडाळावा लागतो. पत्ता बदलणें भागच असेल तर जुन्या ठिकाणीं नव्याचा निर्देश करणारी खूण ठेवतां येते. संगणकांच्या भाषेंत तिचा अंक ३०१. आमच्या दोन पानांस ती लावावी लागली.

जुन्या जागेचें भाडें आणखी महिनाभर भरलें. तिच्या दाराशीं कोण येतें ह्याची टिपणी रोज पाहत असूं: पहिल्या दिवशीं पुष्कळ, चौथ्या दिवशीं तुरळक, आणि तिसऱ्या आठवड्यांत केवळ शोधयंत्रें. अखेरीस तींहि यावयाचीं थांबलीं; तेव्हां सर्व सामानाची एक प्रत घरच्या संगणकावर व एक वाचनालयाच्या कपाटांत ठेवून आम्हीं जुनी खोली रिकामी केली.