गार्लंड, जूडी
(१० जून १९२२–२२ जून १९६९). अमेरिकन अभिनेत्री व गायिका. जन्म ग्रँड रॅपिड्स (मिनेसोटा) येथे. बालपणापासून बहिणींसमवेत रंगमंचावर गायन. द विझर्ड ऑफ ऑझ (१९३९) या चित्रपटाने तिला कीर्ती लाभली; परंतु १९५० मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयरशी असलेला करार संपुष्टात आल्यावर ती पुन्हा रंगमंचाकडे वळली. न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहातील २३ एप्रिल १९६१ ची मैफल हा या दुसऱ्या कारकीर्दीचा कळस होय. गर्श्विन, आर्लेन प्रभृतींची, बव्हंशी नाटक-चित्रपटांतील, सर्वपरिचित गीते तिने तीत गायिली. प्रत्येक गीत ती नाट्यप्रवेशासारखे उभे करी. त्यामुळे आवाजातील कंपही भावाला पोषकच ठरे. या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेस वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले (१९६२). ते मिळविणारी ती पहिली स्त्री. लंडन येथे तिचे निधन झाले.