किळस आणि विटाळ

मराठीत नावड दाखविणारे शब्द पुष्कळ आहेत. पण एकाचे काम दुसऱ्याने भागत नाही. रोज एकच भाजी खाल्ली तर तिचा वीट येतो. खोटे बोलणाऱ्या माणसाचा तिटकारा येतो. आमटीत पाल पडलेली दिसली तर मात्र किळस येते. वीट अतिपरिचयाने येतो, तिटकारा मनातून येतो, किळस थेट पोटातून येते. अंगावर शहारा उठतो आणि तोंडातून ‘शी!’ निघून जाते. शिसारी ही तिचीच सख्खी बहीण.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. त्यांतील बीभत्स रसाचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळसच.

आता ‘मला किळस येते’ हे वाक्य पाहा. व्याकरणाने येथे कर्ता ‘मी’ नाही, ‘किळस’ आहे. ताप यावा तशी ती येते. माझा त्यात जणू काही हातच नाही! पण रांगते मूल शेणसुद्धा खुशाल तोंडात घालते. ‘शी, टाक ते!’ हे त्याला आई शिकविते. म्हणजे किळस पुष्कळशी शिकविलेली असते.

येथेच ‘विटाळ’ हा शब्द आठवतो. कॉलेजात येणारी मी आमच्या घरातली पहिलीच. ‘जुगुप्सा’ मला वर्गात प्रथम भेटली. ‘विटाळ’ मात्र घरीदारी ऐकतच वाढले. किळस घाणीची येते. विटाळाला घाण लागतच नाही. स्वच्छ आंघोळ केलेल्या माणसाचाही तो होतो.

महाडचे उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. तेथे गुरेढोरे पाणी पीत, त्याची कोणाला किळस नव्हती. माणसे प्याली तेव्हा मात्र तळे बाटले, आणि सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ते ‘शुद्ध’ केले. पिण्याच्या पाण्यात शेण पडले, त्याचीही किळस कोणाला आली नाही!

राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पण कायदा जिभेवर पहारा ठेवू शकत नाही. गटारात उतरणाऱ्याला पाहून आपण नाक मुरडतो, तेव्हा ती किळस घाणीची असते की त्या माणसाची? ‘शी’ म्हणण्यापूर्वी एवढे तरी प्रत्येकाने स्वतःला विचारावे, असे मला वाटते.