जुनी मोटार आणि नवें चाक

घरांतील जुन्या वस्तूंविषयीं कोणास जिव्हाळा नसतो? आजीचा तांब्याचा बंब, आजोबांचें लंबकाचें घड्याळ, पडवींतला शिसवी झोपाळा, ह्या वस्तू मोडक्या झाल्या तरी टाकवत नाहींत. जुन्या मोटारीविषयींही हल्लीं अनेक घरांत हाच भाव दिसूं लागला आहे. परंतु बंब गळला तर फार तर न्हाणीघर भिजतें, घड्याळ मागें पडलें तर एखादी आगगाडी चुकते. मोटारीचें चाक चुकलें तर त्याचें मोल आंत बसलेल्या माणसांस द्यावें लागतें. ही गोष्ट आम्हांस ठेच लागल्यावर कळली. वाचकांस ती ठेंचेवांचून कळावी, एवढ्याच हेतूनें हा लेख आम्ही लिहीत आहों.

आमच्या घरची मोटार म्हणजे १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, व तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीच्या '११००' ह्या जातीच्या मोटारी पुढें तयार होऊं लागल्या. त्यांतील 'डिलाइट' हीच नांव बदलून पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिला साऱ्या देशांत ओळखीत; ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती त्या सेवेंतून निवृत्त झाली. आमची गाडी तीर्थरूपांनीं घेतलेली. ती कोणा एकाची नव्हे, सर्व भावांची. तीर्थरूपांच्या मागें कित्येक वर्षें ती छपराखालीं धूळ खात उभी होती. थोरल्या बंधूंच्या चिरंजीवांनीं, म्हणजे आमच्या पुतण्यानें, तिला पुन्हां चालती करण्याचें मनावर घेतलें, तेव्हां घरांत सर्वांसच आनंद झाला.

इंजिन उघडून झालें, तारा बदलल्या, ब्रेक नवे झाले. शेवटीं चाकें राहिलीं. तरुणांची दृष्टि निराळी असते. मूळचीं पोलादी चाकें पुतण्यास अरुंद व गरीब वाटलीं. त्यानें रुंद, चकचकीत, मिश्रधातूचीं चाकें आणलीं. तींही चौदा इंचांचीं व चार भोकांचींच होतीं. "बसतंय, साहेब," असें म्हणून दुकानांतील माणसानें बोल्ट आवळून दिले. अंगणांत गाडी दोनदां पुढें-मागें झाली. कोठें घासलें नाहीं, कोठें वाजलें नाहीं. मुलांनीं टाळ्या वाजविल्या व आम्हींही त्या चाकांचें कौतुक केलें, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.

त्यानंतर आठच दिवसांनीं आम्ही ताम्हिणी घाटानें हरिहरेश्वरास कुलदैवताच्या दर्शनासाठीं निघालों. गाडींत थोरले बंधू, वहिनी, पुतण्या, त्याची पांच वर्षांची मुलगी व आम्ही अशीं पांच माणसें होतों. मागें सामान होतें. घाटांतील एका वळणावर गाडी खड्ड्यांतून गेली आणि मागून खर्रर असा आवाज आला. पुढच्या वळणावर तो पुन्हां आला. वहिनी म्हणाल्या, "अरे, कांहीं जळल्यासारखा वास येतोय. थांबव आधीं."

गाडी थांबवून पाहतों तों मागच्या डाव्या टायरचा बाहेरचा खांदा मडगार्डच्या आंत वळविलेल्या कडेनें कातरला गेला होता; रबर जाऊन आंतील धागे दिसत होते. पुतण्यानें चाकाच्या बोल्टांना हात लावला, तों चारांपैकीं दोन बोल्ट नुसत्या बोटांनीं फिरले. डाव्या अंगास दरी होती. बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं. गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून परत आणली व त्या खेपेस दर्शन राहून गेलें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं एका वृद्ध मिस्त्रींस बोलावलें. त्यांचा सारा जन्म फियाट गाड्यांखालीं गेलेला. त्यांनीं चाकें पाहिलीं आणि एवढेंच म्हणाले, "साहेब, रिकाम्या उभ्या गाडीला कुठलंही चाक बसतं. भरलेल्या, वळणाऱ्या, खड्ड्यांत आदळणाऱ्या गाडीला बसलं, तरच तें बसलं म्हणायचं." मग त्यांनीं व पुतण्यानें मिळून जी तपासणी केली, ती क्रमानें येथें देतों.

पहिली गोष्ट टायरवरील अंकांची. पद्मिनीच्या मूळ टायरवर '५.२०-१४' असें असे. म्हणजे टायरची रुंदी ५.२० इंच व रिमचा व्यास १४ इंच. जुन्या पद्धतींत टायरची उंची लिहीत नसत. नव्या पद्धतींत ती लिहितात. '१५५/८० आर १४' म्हणजे रुंदी १५५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या शेंकडा ८०, व 'आर' म्हणजे रेडिअल बांधणी. ह्यावरून चाकाचा एकंदर व्यास कोणासही काढतां येतो. १५५ चे शेंकडा ८० म्हणजे १२४. त्याची दुप्पट २४८. त्यांत रिमचे ३५६ मिळविले कीं ६०४ मिलिमीटर झाले. आमच्या पुतण्यानें '१८५/६० आर १४' हे टायर आणले होते. त्यांचा व्यास ह्याच हिशेबानें ५७८ भरतो. व्यास शेंकडा चारांहून अधिक घटला म्हणजे वेगदर्शक कांटा ६० दाखवितो तेव्हां गाडी ५७ च्या आसपास चालते, आणि गाडीचें पोट तेरा मिलिमीटर जमिनीकडे झुकतें. आमच्याकडील गतिरोधकांवर तेरा मिलिमीटर कांहीं थोडे नव्हेत.

दुसरी गोष्ट भोकांच्या वर्तुळाची, आणि धोका मुख्यतः येथेंच होता. चार भोकांच्या चाकांत समोरासमोरच्या दोन भोकांचें अंतर मोजावयाचें. एकाच्या आंतल्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजलें कीं मध्यापासून मध्यापर्यंतचें माप आपोआप मिळतें. फियाटच्या ऊनो, पॅलिओ वगैरे अलीकडच्या गाड्यांत हें वर्तुळ ९८ मिलिमीटरांचें आहे, तर अनेक जपानी व युरोपीय गाड्यांत तें १०० मिलिमीटरांचें असतें. दोन मिलिमीटरांचा फरक डोळ्यांस दिसत नाहीं. बोल्ट जोर करून आंत जातातही. पण ते तिरके बसतात, त्यांच्या डोक्याखालचा उतार चाकाच्या भोकांत पुरता टेंकत नाहीं, आणि चार दिवसांच्या धक्क्यांनीं ते सैल होतात. आमच्या चाकांत नेमका हाच दोन मिलिमीटरांचा फरक निघाला.

त्याच वेळीं आणखी तीन गोष्टी पाहून घ्याव्या. चाकाच्या मधलें मोठें भोक हबावर नीट बसतें कीं सैल राहतें. बोल्टाच्या डोक्याखालचा भाग शंकूसारखा आहे कीं गोलसर, व चाकाची खांच त्याच आकाराची आहे कीं नाहीं. आणि बोल्ट आंत किती आटे धरतो. बोल्टाची जाडी जितकी, निदान तितकी त्याची पकड असावी, असा कारागिरांचा नियम आहे. १२ मिलिमीटर जाडीच्या व दीड मिलिमीटर आट्याच्या बोल्टानें हातानें फिरवितांना पुरते आठ फेरे घेतले पाहिजेत. जाड मिश्रधातूच्या चाकास जुने आंखूड बोल्ट लावले तर हा हिशेब तुटतो.

तिसरी गोष्ट चाकाच्या आंत-बाहेर असण्याची. चाक हबास जेथें टेंकतें ती पाठ रिमच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे, ह्या अंतरास ऑफसेट म्हणतात. समजा, रिम चार इंचांची होती व आपण सहा इंचांची घेतली. ऑफसेट तोच राहिला तर ती दोन्हीं बाजूंस एकेक इंच वाढेल. म्हणजे आंतल्या बाजूस पाट्यांकडे पंचवीस मिलिमीटर व बाहेर मडगार्डकडे पंचवीस मिलिमीटर. ऑफसेट पंधरा मिलिमीटरनीं कमी असला तर बाहेरची वाढ चाळीस होईल. आमच्या टायरचा खांदा कातरला गेला तो ह्याच चाळिसांनीं. शिवाय चाक जितकें बाहेर, तितका बेअरिंगांवरचा भार अधिक व स्टिअरिंग जड.

हें सारें कागदावर जमलें तरी परीक्षा गाडीवरच घ्यावयाची. मिस्त्रींनीं सपाट जागेवर गाडी उभी केली, विरुद्ध चाकांस दगड लावले व मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला. टायर ओळंब्याच्या बाहेर येतां कामा नये. मग घरांतील पांच माणसें आंत बसविलीं, मागें तांदळाचें पोतें ठेविलें आणि माप पुन्हां घेतलें. पुढचीं चाकें दोन्हीं अंगांस पुरतीं वळवून आंत कोठें लागतें काय, हें बॅटरीच्या उजेडांत पाहिलें. शेवटीं त्यांनीं गणपतीच्या शाडूचे लिंबाएवढे गोळे मडगार्डच्या आंत ठिकठिकाणीं चिकटविले व गाडी अगदीं हळू एका उंचवट्यावरून नेली. ज्या ठिकाणीं गोळा चेपला तेथें उरलेल्या मातीची जाडी म्हणजेच तेथील मोकळी जागा. इतकें सोपें साधन घरांत असतांना आम्हीं केवळ 'बसतंय' ह्या शब्दावर विसंबलों, ह्याची लाज वाटली.

चौथी गोष्ट टायरचें वय व बळ. टायरच्या अंगावर चार अंक कोरलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली म्हणून टायर तरुण ठरत नाहीं. रबर नुसतें उभें राहूनही म्हातारें होतें, व दहा वर्षांवरचा टायर बदलावा असें अनेक उत्पादकच सांगतात. भाराचा अंकही वाचावा. ७५ ह्या अंकाचा अर्थ एका टायरास ३८७ किलो. जुना तिरप्या धाग्यांचा टायर व नवा रेडिअल ह्यांची एका गाडीस सरमिसळ करूं नये. वळणावर त्यांची पकड निरनिराळी असते. जुन्या पोलादी रिमवर नवा टायर चढविल्यास आंत रेडिअल टायरास योग्य अशी ट्यूब घालणें बरें.

कायद्याकडेही लक्ष ठेवावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार करण्यास मनाई करतें; आणि २०२१ सालच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील खासगी मोटारीस 'व्हिंटेज' म्हणून नोंदवावयाचें तर ती मूळ स्वरूपांत जपलेली असावी लागते. आमच्या पद्मिनीनें हें वय ओलांडलें आहे.

एवढें झाल्यावर पुतण्यानें आपण होऊन जुनीं पोलादी चाकें माळ्यावरून खालीं आणलीं. एकेक चाक हबावर फिरवून, शेजारीं पेन्सिल स्थिर धरून, तें डगमगतें कीं काय हें पाहिलें. एक वांकडें निघालें तें टाकून दुसरें मिळविलें. तीं घासून, रंगवून त्यांवर १५५/८० चे टायर चढविले; बोल्ट समोरासमोरच्या क्रमानें आवळले व पहिल्या पन्नास मैलांनंतर पुन्हां तपासले. "काका, माझे पैसे पाण्यांत गेले," तो म्हणाला. आमचे थोरले बंधू सहसा बोलत नाहींत, ते म्हणाले, "पाण्यांत गेले ते परवडले. दरींत गेलों नाहीं."

गेल्या माघांत आम्ही त्याच पांच जणांनीं त्याच घाटानें हरिहरेश्वर केलें. त्या वळणापाशीं वहिनींनीं गाडी थांबवावयास लावली, स्वतः उतरून चारही चाकांस हात लावून पाहिला, व मगच पुढें निघूं दिलें. रुंद चाकें माळ्यावर आहेत. तीं विकून टाकावीं असें कोणी सुचविलें होतें; परंतु भोकांचें वर्तुळ न मोजतां तीं घेणारा दुसरा कोणी तरुण भेटेल, ह्या भयानें पुतण्यानेंच तीं विकण्यास नकार दिला.