पायाची खाज आणि त्वचेखालचे पहारेकरी

प्राणहिता जेथें गोदावरीस मिळते, त्या परिसरांत, गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाला सिरोंचा वसलें आहे. पावसाळ्यांत तिकडची माती ओली व उबदार असते, आणि अंकुशकृमीला अशीच माती मानवते. उघड्यावरील मलांतून त्याचीं अंडीं जमिनींत पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या अनवाणी चालणाऱ्याच्या पायांत शिरतात. बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते आणि चिखल्या झाल्या असें समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतें.

ही खाज मुख्यतः अळीनें नव्हे, तर शरीरानेंच निर्माण केलेली असते. त्वचेंत व आंतड्याच्या अस्तरांत मास्ट पेशी पहारा करीत असतात. त्यांच्या पोटांत हिस्टामिन नांवाच्या द्रव्यानें भरलेले असंख्य कण असतात. अळीच्या अंगांतून जीं परकीं प्रथिनें पाझरतात, त्यांना प्रतिजन म्हणतात. पहिल्या भेटींत शरीर त्यांची ओळख पटवून घेतें आणि आय-जी-ई जातीचीं प्रतिपिंडें घडवितें. इशिझाका या जपानी दांपत्यानें अमेरिकेंत १९६६ सालीं हीं प्रतिपिंडें ओळखलीं. तीं मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तोच प्रतिजन पुन्हां आला, कीं तो शेजारच्या दोन प्रतिपिंडांना जोडतो. पेशीला इशारा मिळतो आणि कांहीं मिनिटांतच कण बाहेर पडतात. हिस्टामिननें सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, द्रव पाझरून सूज येते, मज्जातंतू चेतून खाज सुटते. आंतड्यांत स्नायू आकुंचन पावून कृमीला बाहेर लोटूं पाहतात. शहरांत कोणाच्या अंगावर पित्त उठतें, तेव्हांहि बहुधा हेंच द्रव्य सुटलेलें असतें.

हें शस्त्र उलटूंहि शकतें. अळीच्याच एका प्रथिनापासून केलेली लस ब्राझीलमध्यें टोंचून पाहिली, तेव्हां पूर्वीं कृमींची बाधा झालेल्या कांहींच्या अंगभर पित्त उठलें; त्यांच्यांत तीं प्रतिपिंडें आधींच तयार होतीं. प्रयोग थांबवावा लागला.

खाज शमली म्हणजे कृमि गेला, असें मात्र नव्हे. अळी रक्तावाटे फुप्फुसांत, तेथून घशांत व शेवटीं आंतड्यांत पोंचते आणि वर्षानुवर्षें रक्त शोषते. शरीराचा प्रतिकार मंदावणारीं द्रव्येंहि ती सोडते. म्हणूनच मुलें व गरोदर स्त्रिया पांढुरक्या पडतात. हिस्टामिनविरोधी औषध खाज थांबवितें, कृमीला नाहीं. त्यासाठीं अल्बेंडाझोल लागतें. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनीं तें शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना दिलें जातें. परंतु पायांत चपला व घरीं शौचकूप नसेल, तर तीच अळी पुन्हां शिरते आणि पहारेकऱ्यांना पुन्हां आरोळी द्यावी लागते.