दोषांक आणि दोष

छत्रपती संभाजीनगरातील घरांतून तांब्याचा बंब जाऊन त्याच्या जागी भिंतीवर टांगलेला गॅस गिझर आला, तेव्हा बंबफोड आणि राखेबरोबर जाळावर लक्ष ठेवण्याचे कामही घरच्यांच्या हातून सुटले आणि ते यंत्राकडे गेले. बंबात ठरावीक पाणी भरून ते सावकाश तापवले जाई. गिझरात मात्र पाण्याचा साठा नसतो, नळ उघडताच वाहू लागलेले पाणी तांब्याच्या नागमोडी नळीतून जाता जाता ज्वालेवर तापते आणि नळ बंद होताच ज्वालाही विझते. युरोपातील घरांत हेच काम, खोल्या उबदार ठेवण्याच्या कामासह, ‘कॉम्बी बॉयलर’ नावाचे यंत्र करते. अशा यंत्रांच्या अंकपट्टीवर बिघाडाच्या वेळी ‘ई१’सारखी जी खूण उमटते, तिला येथे दोषांक म्हटले आहे. दोषांक म्हणजे दोषाचे नाव, हा त्याविषयीचा सर्वांत रुळलेला गैरसमज होय. वस्तुतः एखाद्या संवेदकाला जे मिळायला हवे होते ते मिळाले नाही, एवढीच ती नोंद असते आणि तिच्यामागचे कारण गच्चीवरच्या टाकीत, सिलिंडरात किंवा बोअरच्या पाण्यात शोधावे लागते.

या यंत्राचा पूर्वज लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने १८६८ मध्ये बनवला. त्यात जळालेले वायू थेट पाण्याशी भिडत आणि धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. जर्मनीतील रेमशाइड गावच्या योहान वायलांट याने १८९४ मध्ये पेटंट घेतलेल्या बंद रचनेत ज्वाला आणि पाणी प्रथम वेगळे झाले. आजच्या गिझरात या दोहोंमध्ये एक छोटी साखळी असते. पाणी वाहू लागले की त्याच्या दाबाने रबराचा पडदा, म्हणजे मिस्त्रींच्या बोलण्यातला डायफ्रॅम, सरकतो आणि त्याला जोडलेली दांडी एक बारीक स्विच दाबते. दीड व्होल्टच्या दोन जाड सेलांवर चालणारे सर्किट जागे होऊन एकीकडे ठिणगी पाडू लागते आणि दुसरीकडे विद्युतचुंबकावर उघडणारी गॅसची झडप उघडते. ज्वाला पेटली की नाही, हे तिच्यात शिरलेली धातूची एक काडी ओळखते: ज्वालेत विद्युतभारित कण असल्यामुळे काडीला व्होल्टेज दिल्यावर ज्वालेतून अत्यंत क्षीण, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा लागणारा प्रवाह वाहतो. तो काही सेकंदांत मिळाला नाही, तर सर्किट झडप मिटवते आणि अंकपट्टीवर दोषांक उमटतो.

बऱ्याच नमुन्यांत ई० हा पाण्याचे तापमान मोजणाऱ्या संवेदकाचा आणि ई१ हा ज्वाला न लागल्याचा दोषांक असतो, तर पाणी अतितप्त झाल्याची खूण कोठे ई३ तर कोठे ई४ असते. या आकड्यांना सर्वमान्य प्रमाण नाही, कंपनीगणिक आणि कधी कधी नमुन्यागणिक ते बदलतात, म्हणून शेजाऱ्याच्या गिझरचा अनुभव आपल्या गिझरला लावू नये आणि खोक्यातली माहितीपुस्तिका रद्दीत जाऊ देऊ नये.

ई१ या एकाच दोषांकाखाली निदान तीन वेगळ्या घटना मोडतात आणि त्या कानांनी व डोळ्यांनी ओळखता येतात. ठिणगीचा टकटक आवाज मंद, अडखळत येत असेल आणि गॅसचा वास मुळीच येत नसेल, तर सेल उतरलेले असण्याची शक्यता मोठी असते, कारण अशा सेलांवर ठिणगी कशीबशी पडली, तरी झडप उचलून धरण्याइतकी ताकद त्यांत उरलेली नसते. टकटक जोमदार असूनही ज्वाला लागत नसेल, तर गॅस पुरेसा पोचत नाही. ज्वाला भडकून चार-पाच सेकंदांत विझत असेल, तर गॅसही आहे आणि ठिणगीही आहे, फक्त काजळी किंवा पांढरट थर बसल्यामुळे काडीला ज्वाला दिसत नाही. अशा वेळी सिलिंडर बदलणे हा निव्वळ व्याप होतो.

गॅस पोचत नसल्याच्या बाबतीत घरोघर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो, तो असा की शेगडी पेटते आहे, म्हणजे गॅस आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसने तापवायचे, तर सुमारे साडेदहा किलोवॅट उष्णता लागते आणि ती शेगडीच्या एका बर्नरच्या चार-पाच पट असते, त्यामुळे जो सिलिंडर चहा सुखाने उकळतो तोच गिझरच्या मागणीला पुरा पडेल असे नाही. एलपीजी हे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असून प्रोपेन उणे ४२ अंशांना, तर ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली उकळतो. सिलिंडरातून प्रोपेन अधिक वेगाने निघून गेल्यावर तळाशी ब्यूटेनचे प्रमाण वाढते आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे त्याची वाफ मंदावते. संपत आलेल्या सिलिंडरावर पहाटे उमटणारा ई१ दुपारी आपोआप नाहीसा होतो, तो या कारणाने.

याहून वैतागवाणी अवस्था म्हणजे दोषांकच न उमटणे आणि संभाजीनगरात तिचे मूळ बहुधा पाण्यात असते. पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या आणि १९७६ मध्ये उद्घाटन झालेल्या जायकवाडी धरणाच्या नाथसागरातून शहराला पाणी येते, परंतु अनेक वसाहतींत ते रोज न येता काही दिवसांच्या अंतराने येते, म्हणून गिझरला पाणी मिळते ते गच्चीवरच्या टाकीतून, केवळ उंचीच्या जोरावर. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो आणि पुष्कळ गिझरांना पेट घेण्यासाठी निदान पाव किलो, म्हणजे अडीच मीटर उंची लागते. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकीचा तळ आणि गिझर यांत एवढे अंतर जेमतेम असते. पडदा सरकत नाही, स्विच दाबला जात नाही, सर्किट जागेच होत नाही आणि जे जागे झाले नाही ते तक्रार तरी कशी नोंदवणार? टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की नळांत हवा अडकते आणि हेच लक्षण खालच्या मजल्यांवरही दिसते. शहराला ही अडचण नवी नाही: मलिक अंबराच्या काळात सतराव्या शतकाच्या आरंभी बांधल्या गेलेल्या नहर-ए-अंबरी या जलवाहिनीच्या मार्गावर ठिकठिकाणी जे मनोरे उभारले गेले, ते पाण्याबरोबर आलेली हवा निघून जावी आणि दाब सांभाळला जावा यासाठीच होते. आधुनिक इमारतीत तेच काम करणारी उभी उघडी नळी अनेकदा पैसे वाचवण्यासाठी गाळली जाते.

टाकीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी पडू लागले की क्षारांचा उपद्रव सुरू होतो. बेसाल्टच्या कातळातून उपसलेल्या कठीण पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट तापत्या नळीच्या आत थर धरतो. थर उष्णता अडवतो, धार बारीक होते, थोडे पाणी नको तितके तापते आणि अतितापाचा दोषांक उमटतो. येथे तापमापक बदलला जातो, तो निर्दोष असूनही. योग्य उपाय म्हणजे नळी सोडवून तिच्यातून लिंबूसत्त्वाचे, म्हणजे सायट्रिक आम्लाचे, सौम्य द्रावण फिरवणे आणि पाणी येण्याच्या तोंडाशी असलेली जाळी धुणे.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हीच भाषा दुसऱ्या लिपीत वाचावी लागते. वायलांटच्या बॉयलरवरील एफ२८ म्हणजे ज्वाला लागली नाही, एफ२२ म्हणजे यंत्रातील पाण्याचा दाब घटला. कडाक्याच्या थंडीत धुरातील बाष्पाचे पाणी बाहेर सोडणारी नळी गोठते आणि बॉयलर बंद पडतो. तो दोष गॅसचा नसतो आणि त्या नळीवर कोमट पाणी ओतल्याने बहुधा निवारता येतो. तेथे गॅसच्या भागाला हात लावण्याचा अधिकार केवळ ‘गॅस सेफ’ नोंदवहीत नाव असलेल्या कारागिरालाच आहे. आपल्याकडे प्लंबर, शेगडी दुरुस्त करणारा आणि गिझर विकणारा यांपैकी कोणीही हे काम करतो. सेल बदलणे, जाळी धुणे, सिलिंडर तपासणे यापलीकडे घरच्यांनी आणि अप्रशिक्षितांनी जाऊ नये. झडप, जेट किंवा सुरक्षेचे स्विच ‘डायरेक्ट’ करून दोषांक घालवणे म्हणजे दोष तसाच ठेवून पहारेकरी हटवणे होय.

सर्वांत घातक बिघाडाला तर या गिझरांपैकी बहुतेकांत दोषांकच नाही. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते आणि वर सांगितलेला गिझर तासाला जवळजवळ एवढा गॅस जाळतो. चार बाय सहा फुटांच्या, नऊ फूट उंच स्नानगृहात मिळून सहा घनमीटर हवा असते, म्हणजे दार-खिडकी बंद असता अर्ध्या तासात ज्वाला एकटीच तेवढी हवा मागते आणि त्याच्या कितीतरी आधी प्राणवायू घटून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. गळतीची जाणीव व्हावी म्हणून एलपीजीत मरकॅप्टनचा उग्र वास मिसळलेला असतो, पण तो जळून जातो आणि मागे उरलेल्या वायूला ना वास ना रंग. काडीला ज्वाला दिसत असते, पाणी गरम असते, पडदा जागेवर असतो, तेव्हा सर्किटच्या लेखी सारे आलबेल असते. अनेक नमुन्यांत २० मिनिटांनी ज्वाला आपोआप विझवण्याची सोय असते, मात्र नळ बंद करून उघडला की ती मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणून गिझर स्नानगृहाबाहेर, हवेशीर बाल्कनीत किंवा मोकळ्या डक्टमध्ये असावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. पिवळी, लांबट ज्वाला आणि बर्नरवरची काजळी दिसताच तो बंद ठेवावा. अंघोळ करताना डोके जड होणे, मळमळणे किंवा भोवळ येणे ही लक्षणे दिसल्यास दार उघडून त्या व्यक्तीला प्रथम मोकळ्या हवेत आणावे आणि मग रुग्णालय गाठावे. भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘गॅस गिझर सिंड्रोम’ या नावाने अशा रुग्णांची नोंद केली असून, स्नानगृहात बेशुद्ध सापडलेल्या व्यक्तीला अपस्माराचा झटका आला असे समजून उपचार सुरू होण्याचा धोका त्यांनी दाखवून दिला आहे. तेव्हा घरात गिझर कोणता आणि तो कोठे बसवला आहे, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना न विचारताच सांगावे.