अंडाशयातील गाठीची वेदना आणि तिचे नैसर्गिक उपचार : एक चिकित्सा

स्त्रियांच्या ओटीपोटातील दुखण्याविषयी आपल्या घरांतून जे ज्ञान परंपरेने चालत आले आहे, त्यात शेक, सुंठ, ओवा, एरंडेल आणि विश्रांती ही नावे पुन्हा पुन्हा आढळतात. दुखणे मासिक पाळीचे असो, पोटात वायू धरल्याचे असो, की सोनोग्राफीच्या अहवालात ‘सिस्ट’ म्हणून नोंदल्या गेलेल्या अंडाशयातील पाण्याच्या गाठीचे असो, उपचार बहुधा तेच. एकच उपाय इतक्या भिन्न कारणांवर लागू पडताना दिसला म्हणजे काही जण त्याला रामबाण समजतात, तर काही जण तो निव्वळ भ्रम मानतात. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्या का अपुऱ्या आहेत हे समजण्यासाठी ही गाठ मुळात दुखते कशामुळे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

प्रजननक्षम वयात अंडाशयातील एक पुटक दर महिन्याला वाढते, सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाचे झाले म्हणजे फुटते आणि त्यातून बीज बाहेर पडते. फुटलेल्या पुटकाच्या जागी पीतपिंड तयार होतो व गर्भधारणा न झाल्यास सुमारे दोन आठवड्यांत तो आटून जातो. पुटक फुटलेच नाही, अथवा पीतपिंडात द्रव किंवा रक्त साचून राहिले, तर जी गाठ होते तिला क्रियाजन्य गाठ म्हणता येईल. ही गाठ म्हणजे एका स्वाभाविक क्रियेचा थोडासा लांबलेला शेवट होय. तिच्याहून अगदी वेगळ्या जातीच्या अशा इतर गाठी आहेत : केस, चरबी आणि क्वचित दातही जिच्यात सापडतात ती डर्मॉइड गाठ, एंडोमेट्रिओसिसमध्ये जुने रक्त साठून होणारी गाठ, आणि अंडाशयाच्या आवरणपेशींपासून वाढणारी द्रवयुक्त अर्बुदे. ‘पीसीओएस’ या विकाराच्या नावातही सिस्ट हा शब्द आहे. परंतु तेथे दिसतात ती अर्धवट वाढलेली लहान पुटके असून ती सहसा दुखत नाहीत. नावाच्या साम्यामुळे झालेला हा घोटाळा पुष्कळ सुशिक्षित घरांतही आढळतो.

आता वेदनेकडे वळू. अंतर्गत इंद्रियांतील मज्जातंतूंना ताण, रक्तपुरवठ्याचा अभाव आणि दाह या तीन गोष्टींची जाणीव विशेष होते. त्यामुळे गाठ केवढी आहे यापेक्षा ती किती वेगाने ताणली जाते यावर वेदना अधिक अवलंबून असते. १८०९ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात डॅनव्हिल या गावी एफ्रेम मॅकडॉवेल याने जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीच्या अंडाशयातून सुमारे दहा किलो वजनाचे अर्बुद काढले. भूल देण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती. तिचे वाढलेले पोट पाहून प्रथम ती गरोदर आहे असाच समज झाला होता, आणि तेवढे ओझे पोटात घेऊन ती सुमारे शंभर किलोमीटर घोड्यावरून प्रवास करीत डॅनव्हिलला पोहोचली होती. उलट, चार सेंटिमीटरच्या पीतपिंडात एकाएकी रक्त साचले तर धडधाकट तरुणी जागच्या जागी वाकून बसते. गाठ फुटली व आतला द्रव उदरपोकळीत पसरला तर उदरपटलाचा दाह होतो. गाठीच्या वजनाने अंडाशयाच्या देठालाच पीळ बसला तर रक्तपुरवठा तुटतो.

अंडाशयातून निघणारे वेदनावाही तंतू पाठीच्या कण्यात दहाव्या व अकराव्या वक्षीय खंडांत शिरतात. त्याच खंडांत बेंबीच्या आसपासच्या त्वचेचे तंतूही येतात. मेंदूला हे दोन संदेश नीट वेगळे करता येत नाहीत, आणि म्हणून ओटीपोटात खोल असलेल्या इंद्रियाचे दुखणे पुष्कळदा पोटाच्या पृष्ठभागावर, बेंबीच्या अवतीभवती जाणवते. हा शरीररचनेतील बारकावा पुढे शेकाच्या विवेचनात उपयोगी पडणार आहे.

तत्पूर्वी एका पद्धतिविषयक प्रश्नाचा विचार करणे आवश्यक आहे. संशोधनाच्या विद्यार्थ्यांना तोच सर्वांत महत्त्वाचा वाटावा. बहुतेक क्रियाजन्य गाठी दोन-तीन पाळ्यांच्या आत आपोआप जिरतात. अशा विकारावर काहीही दिले तरी ते गुणकारी ठरते. याचे उद्बोधक उदाहरण घरगुती औषधांत नव्हे, तर आधुनिक वैद्यकातच सापडते. १९७३ साली स्पॅनोस यांनी अशी गाठ असलेल्या २८६ स्त्रियांना गर्भनिरोधक गोळ्या दिल्या व सहा आठवड्यांत ७२ टक्के स्त्रियांच्या गाठी नाहीशा झाल्याचे नोंदले. तुलनेसाठी औषध न दिलेला गट नव्हता. तरीही गोळ्यांनी गाठ विरघळते हा समज त्यानंतर कितीतरी वर्षे रूढ राहिला. पुढे तुलनात्मक प्रयोग झाले आणि २०१४ सालच्या कॉक्रेन समीक्षेत असे आठ प्रयोग व ६८६ स्त्रिया एकत्र तपासल्यावर दिसले ते असे की, गोळी घेतली काय आणि न घेतली काय, गाठी सारख्याच गतीने जिरतात. जी चूक प्रशिक्षित वैद्यांकडून झाली, ती शेजारणीने सुचविलेल्या काढ्याच्या बाबतीत होणार नाही असे मानण्यास काहीच आधार नाही. शिवाय दुखणे पराकोटीला पोहोचते तेव्हाच माणूस उपाय शोधतो, आणि पराकोटीनंतर उतार हा बहुधा येतोच.

चरकसंहितेत केवळ स्त्रियांना होणाऱ्या रक्तगुल्माचे वर्णन असून त्याची चिकित्सा दहावा महिना उलटल्यावर करावी असे सांगितले आहे. रक्तगुल्म म्हणजे आजची अंडाशयातील गाठ असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा; त्या संज्ञेत अनेक विकार सामावलेले असू शकतात. तथापि गर्भ आणि गुल्म यांचा भेद निश्चित होईपर्यंत थांबावे, ही त्यामागील सावधगिरी आजच्या वैद्यालाही परकी वाटणार नाही.

म्हणून ‘गाठ जिरते काय’ आणि ‘वेदना कमी होते काय’ हे दोन प्रश्न निराळे ठेवले पाहिजेत. आहार, काढा, तेल वा आसन यांपैकी कशानेही गाठ लवकर जिरते असे दाखविणारा विश्वसनीय पुरावा उपलब्ध नाही. वेदनेची गोष्ट मात्र वेगळी आहे.

त्यात शेकाचे स्थान पहिले. पोटावर ठेवलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने खोल असलेल्या अंडाशयाचे तापमान फारसे बदलत नाही. त्वचेखालून वाहणारे रक्त ती उष्णता दूर नेते. मग आराम कसा पडतो? १९६५ साली मेल्झॅक व वॉल यांनी मांडलेल्या ‘द्वार-सिद्धांता’नुसार पाठीच्या कण्यात शिरणाऱ्या वेदनेच्या संदेशावर इतर संवेदनांचा अंकुश चालतो. तपशिलात या सिद्धांताला पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण त्याचा गाभा टिकून आहे. वर सांगितल्याप्रमाणे बेंबीखालची त्वचा आणि अंडाशय यांचे तंतू कण्याच्या त्याच भागात येत असल्यामुळे, त्वचेवरील उबेने अंडाशयाकडून आलेला संदेश मंदावणे संभवनीय ठरते. त्याचबरोबर वेदनेमुळे आवळलेले पोटाचे व कमरेचे स्नायूही सैल होतात. पाळीच्या दुखण्यावर याची प्रत्यक्ष परीक्षाही झाली आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात सुमारे ३९ अंश सेल्सिअसची सौम्य ऊब रोज बारा तास, दोन दिवस पोटावर ठेवली असता मिळालेला आराम आयब्युप्रोफेनच्या तोडीचा ठरला. हा प्रयोग गाठीवरचा नव्हे. येथे आपण अनुमान करीत आहोत याचे भान ठेवावे.

त्या प्रयोगातील ऊब किती कमी होती हेही पाहण्याजोगे आहे. सुमारे ४३ अंशांच्या पुढे उष्णता ही स्वतःच वेदना ठरते. त्या सीमेवर जागा होणारा टीआरपीव्ही-१ हा ग्राहक डेव्हिड ज्यूलियस यांनी १९९७ साली शोधला व २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. ‘जितका कडक शेक तितका गुण’ ही आपल्याकडील समजूत म्हणून सोडून द्यावी. रोज कडक शेक घेणाऱ्यांच्या पोटावर जाळीदार तपकिरी डाग उमटतात. पिशवी कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावी, एवढे पुरे.

सुंठीचा विचार याहून सावधपणे करावा लागतो. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रोज पाऊण ते दोन ग्रॅम सुंठेची पूड दिल्यास वेदना घटते असे काही लहान प्रयोगांत आढळले आहे. पण पाळीचे दुखणे हे मुख्यतः प्रोस्टाग्लँडिनमुळे गर्भाशय आकुंचन पावल्याचे दुखणे आहे, आणि सुंठेतील द्रव्ये त्या प्रोस्टाग्लँडिनच्या निर्मितीस अडथळा करतात असे मानले जाते. गाठीच्या ताणलेल्या आवरणाला हा तर्क जसाच्या तसा लावता येत नाही. हळदीतील कर्क्युमिन तर आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. चहात सुंठ किंवा दुधात हळद घालण्यास हरकत नाही. मात्र रक्त पातळ करणारी औषधे चालू असता या पदार्थांचे अर्क व गोळ्या वैद्याला विचारल्यावाचून घेऊ नयेत, कारण अशा स्त्रियांत गाठीत रक्तस्राव होण्याचा धोका आधीच अधिक असतो. ॲस्पिरिनबद्दलही हीच दक्षता हवी.

एरंडेलाच्या घड्या पोटावर ठेवण्याची चाल पाश्चात्त्य देशांतही आहे, आणि आपल्याकडे एरंडाची पाने शेकून बांधतात. त्यातील गुण उबेचा असावा. तेल त्वचेतून उतरून गाठ विरघळविते यास आधार नाही. मलावरोध असेल तर तो दूर करावा, कारण भरलेले आतडे दुखऱ्या अंडाशयाला लागूनच असते. यासाठी इसबगोल, भरपूर पाणी आणि थोडे चालणे हे साधे उपाय आहेत. गाठ मोठी असता किंवा पीतपिंडात रक्त साचले असता उड्या, जोराचा व्यायाम व समागम काही आठवडे वर्ज्य करणे योग्य, कारण त्याने गाठ फुटू शकते. हा सल्ला घरांतून क्वचितच उघडपणे दिला जातो.

वरील सर्व उपाय निदान झालेल्या, सौम्य, ओळखीच्या दुखण्यापुरते आहेत. पाळी चुकलेली असताना एका बाजूस दुखू लागले तर प्रथम गर्भनलिकेतील गर्भधारणेची शंका घ्यावी. रजोनिवृत्तीनंतर आढळलेल्या गाठीची तपासणी, ती दुखत नसली तरीही, केलीच पाहिजे. आणि एका बाजूस अकस्मात उठलेली तीव्र कळ, तिच्यासह मळमळ व उलटी, हे देठाला पीळ बसल्याचे लक्षण असू शकते. पाच सेंटिमीटरहून मोठ्या गाठीत आणि उजव्या बाजूस हे अधिक घडते; डाव्या बाजूस मोठ्या आतड्याचा वळसा अंडाशयाला फिरण्यास जागा कमी ठेवतो. अशी कळ मधूनच ओसरते, शेक घेतल्यावर बरे वाटल्याचा भास होतो, आणि त्या भासात रात्र जाते. येथे अवधी तासांचा असतो. शस्त्रक्रियेत काळेनिळे पडलेले अंडाशयही पीळ सोडविल्यावर बहुधा पुन्हा कार्य करू लागते, म्हणून हल्ली ते काढून टाकण्याऐवजी वाचविण्याकडे शल्यचिकित्सकांचा कल आहे. पण त्यासाठी रुग्ण वेळेत त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.