इतिहास आणि कायदा यांचे आजीवन अध्ययन : चवदार तळ्याचे उदाहरण

प्रस्तावना

पदवी मिळाली की शिक्षण संपते, असा एक समज आहे. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी तो आपल्या आयुष्यानेच खोडून काढत असतो. नोकरी, शेती वा घरसंसार सांभाळून, कधी निवृत्तीनंतरही, तो अभ्यासाला बसतो. अशा प्रौढ विद्यार्थ्याला इतिहास आणि कायदा हे विषय परके नसतात. सातबारा, वारसनोंद, भाडेकरार यांच्या निमित्ताने कायद्याशी त्याची गाठ पडलेली असते. गावाच्या आणि घराण्याच्या आठवणींतून इतिहासही त्याच्यापर्यंत आलेला असतो. हे दोन विषय एकत्र कसे अभ्यासावेत आणि त्यांत अभ्याससहलीचे स्थान कोणते, याचा विचार आपण महाडच्या चवदार तळ्याच्या आधारे करू.

वर्गातील वाचन : घटनाक्रम

वर्गाचा आरंभ घटनाक्रमाने करावा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांना वापरू द्याव्यात, असा त्याचा आशय होता. १९२४ साली महाड नगरपालिकेने या ठरावास अनुसरून आपले तळे सर्वांसाठी खुले केल्याचे जाहीर केले. मात्र स्पृश्यांच्या विरोधामुळे हा निर्णय कागदावरच राहिला.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेचे प्रतिनिधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळातही शिरणार, अशी आवई उठवण्यात आली व प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरताच काही स्पृश्य रहिवाशांनी दिवाणी दावा दाखल करून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. २५ डिसेंबर रोजी परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु तळ्यावर जाण्याचा बेत मनाईहुकुमामुळे स्थगित ठेवण्यात आला.

येथे वाचन थांबवून चर्चा करावी. ज्या परिषदेने धर्मग्रंथाची सत्ता जाहीरपणे नाकारली, तिनेच न्यायालयाचा हुकूम का मानला? धर्मसत्ता आणि कायद्याची सत्ता यांत डॉ. आंबेडकरांनी केलेला भेद या एका प्रसंगातून जितका स्पष्ट होतो, तितका व्याख्या पाठ करून होत नाही.

न्यायालयापुढील प्रश्न

या प्रकरणाची कायदेशीर बाजू पाहताना अनेक विद्यार्थ्यांचा अपेक्षाभंग होतो. अस्पृश्यता न्याय्य की अन्याय्य, या प्रश्नावर दाव्याचा निकाल लागला नाही. वाद होता तो तळ्याची मालकी कोणाची आणि अस्पृश्यांना तेथून दूर ठेवण्याची रूढी कायद्याने मान्य होण्याजोगी आहे काय, याविषयी. रूढीला कायद्याचे बळ हवे असेल, तर ती अनादिकाळापासून चालत आल्याचे सिद्ध करावे लागते. हा सिद्धतेचा भार वादींवर होता.

महाडच्या दिवाणी न्यायालयाने १९३१ मध्ये वादींच्या विरोधात निकाल दिला. ठाण्याच्या न्यायालयात १९३३ मध्ये त्यांचे अपील फेटाळले गेले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनीही तोच निर्णय कायम केला. वादींना अनादि रूढी सिद्ध करता आली नव्हती. रूढीच सिद्ध न झाल्यामुळे ती अवाजवी किंवा लोकहितविरोधी आहे काय, हे ठरवण्याची गरज न्यायालयाला उरली नाही.

म्हणजे लढा समतेचा होता आणि निकाल पुराव्याचा. निकालपत्र हे इतिहासाचे महत्त्वाचे साधन असले, तरी त्यात न्यायालयापुढे मांडलेल्या मुद्द्यांपुरतेच उत्तर असते. ज्यांनी मार खाल्ला त्यांचा अनुभव जाणण्यासाठी ‘बहिष्कृत भारत’चे अंक, सहभागी कार्यकर्त्यांच्या आठवणी अशी अन्य साधने पाहावी लागतात. मात्र आठवणीही तारखांशी आणि कागदपत्रांशी ताडून घ्याव्यात.

अभ्याससहल : काय पाहावे?

वाचन झाल्यावरच महाडला जावे. अन्यथा सहलीतून छायाचित्रांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. तळ्याला एक प्रदक्षिणा घालून त्याचा विस्तार, भोवतीचे रस्ते आणि घरे यांचा कच्चा नकाशा काढावा. हे पाणी खाजगी म्हणता येईल काय? कोण कोठून पाणी भरत असेल? तळ्यावर येणारा माणूस किती घरांच्या नजरेखालून जात असेल? कागदावरच्या मुद्द्यांना येथे जागेचा आधार मिळतो.

दुसरी सहल आपल्या तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात काढावी. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार न्यायालयाचे कामकाज सामान्यतः जनतेला खुले असते. तेथे शांतपणे तासभर बसले, तरी दावा, कैफियत, साक्ष, तहकुबी हे शब्द कानावरून जातात आणि १९२७ ते १९३७ ही दहा वर्षे कशी गेली असतील, याचा अंदाज येतो.

परत आल्यावर प्रत्येकाने दोन पानांचे टिपण लिहावे : एक पान काय पाहिले याचे, दुसरे पान कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला याचे.

समारोप

भारतीय संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तळी व स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे आणि कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. कलम १५ मधील ‘तळी’ हा शब्द महाडनंतर वाचला, की त्यामागची माणसे दिसू लागतात. ठराव झाला म्हणून हक्क वापरता येतो असे नाही, हे १९२४ ते १९२७ या काळाने दाखवले. हक्क वापरल्यावरही तो न्यायालयात टिकवावा लागतो, हे पुढील दशकाने. ज्याने आपल्या गावातील पाणवठ्यांची विभागणी पाहिली वा सोसली आहे, त्या प्रौढ विद्यार्थ्याजवळ या अभ्यासाचे एक साधन आधीच आहे. ते संकोच न करता वर्गात मांडावे आणि कागदपत्रांच्या कसोटीवर तपासूनही घ्यावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. बोले ठरावानंतरही चवदार तळे प्रत्यक्षात खुले का झाले नाही?
२. ‘लढा समतेचा होता आणि निकाल पुराव्याचा’, हे विधान स्पष्ट करा.
३. आपल्या गावातील एका जुन्या पाणवठ्याला भेट द्या. त्याची मालकी व वापर यांविषयी दोन वडीलधाऱ्या व्यक्तींकडून माहिती घ्या व ती उपलब्ध कागदपत्रांशी ताडून टिपण लिहा.